विश्वनाथरावांनी पाठवलेलं खत

कचऱ्याची पिशवी खाली कोणी न्यायची यावरून कधी कुरबूर झाली नाही, असं घर नागपुरात शोधायला निघालात तर चपला झिजतील. सून म्हणते, माझ्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात बाळ, पिशवी काय दातात धरू? मुलगा म्हणतो, गाडीच्या हँडलला लावली की गळते. सासूबाई देवापुढे बसलेल्या असतात. सासरे पेपर वाचत असतात, म्हणजे निदान तोंडासमोर धरून तरी असतात. मंडळी, हे चित्र तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरातलं आहे, म्हणून त्यावर हसायला हरकत नाही.

मनीषनगरातल्या त्या सोसायटीत मात्र गोष्ट हसण्यापलीकडे गेली होती. ओला आणि सुका कचरा वेगळा केलेला नसला, की गाडीवाला पिशवी परत ठेवून जायचा. "मिक्स आहे, नाही घेत," एवढं बोलून तो पुढच्या गेटकडे वळायचा. मग त्या पिशव्या दिवसभर गेटपाशी पडून राहायच्या, कुत्री त्या फाडायची, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून एकमेकांची उणीदुणी निघायची. कचरा वेगळा करणं सोडून बाकी सगळं लोक करत होते.

हा तिढा सोडवला सोसायटीचे सचिव विश्वनाथराव यांनी. विश्वनाथराव म्हणजे उभं आयुष्य सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. नोकरीतली काही वर्षं त्यांनी नागपूरजवळच्या खाप्याला काढली होती, आणि तिथल्या चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याशी त्यांची दोस्ती जमली होती. चंद्रभानचं वावर कन्हान नदीच्या अंगाला, काळ्याभोर मातीचं. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी असा भाजीपाला तो पिकवायचा. विश्वनाथरावांच्या ओळखीने त्याचा टेम्पो दर आठवड्याला सोसायटीच्या गेटशी येऊन भाजी विकायचा आणि रिकामा परत जायचा. तो रिकामा टेम्पो पाहून एक दिवस विश्वनाथरावांच्या डोक्यात वीज चमकली. कचरा म्हणजे शेवटी खतच की! टाका सगळ्या पिशव्या टेम्पोत, पडू द्या वावरात. चंद्रभानला फुकट खत, आपली कचऱ्यापासून सुटका आणि बदल्यात ताजी भाजी.

सोसायटी खूश झाली. आता कोणी पिशवी उघडून बघणारं नव्हतं, त्यामुळे वेगळं करण्याची कटकटच संपली. जे नको ते त्या पिशवीत जाऊ लागलं. कोजागिरीच्या कार्यक्रमात विश्वनाथरावांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि ते शालीत छान दिसलेसुद्धा.

पण विश्वनाथराव एवढ्यावर थांबणारे नव्हते. विदर्भातल्या जमिनींना जस्त कमी पडतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सेलचं कवच जस्ताचं असतं, हे शाळेतल्या विज्ञानात पाठ केलेलं होतं. दोन गोष्टी त्यांनी जोडल्या आणि लिफ्टपाशी एक डबा ठेवला. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'जुने सेल येथे टाकावेत. शेताला जस्त मिळते.' रिमोटचे, घड्याळांचे, पोरांच्या खेळण्यांचे सेल त्यात जमत. कचेरीतल्या सवयीने विश्वनाथराव त्यांचे रबरबँड लावून नीट जुडगे बांधत आणि टेम्पोत ठेवून देत.

"अहो, सेलमधून ते काळं काळं गळतं. ते कसं शेताला चालेल?" त्यांच्या पत्नीने, ताराबाईंनी, एकदा विचारलं होतं.

"तुला शेतीतलं काय समजतं?" विश्वनाथराव म्हणाले होते. मंडळी, त्यांना स्वतःला काय समजत होतं, हे विचारणारं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

असे दोन हिवाळे गेले. विश्वनाथरावांच्या घरात नात आली. मुलगा केयूर आणि सून भैरवी यांची ही पहिली मुलगी, नूपुर. सातव्या महिन्यात तिचं उष्टावण ठरलं. खिरीचा पहिला घास मामा भरवणार, त्यानंतर मऊ भात आणि पालकाचं पाणी. आजोबांनी जाहीर केलं, "पालक मी स्वतः खाप्याहून खुडून आणतो. माझ्या नातीच्या तोंडात पहिली भाजी जाईल ती आपण खत घातलेल्या मातीतली!"

ते सकाळीच टेम्पोतून खाप्याला पोचले. चंद्रभान वांग्यांची पोती भरत होता. त्याची बायको प्रेमिला अंगण झाडत होती.

"वहिनी, आज मी पाहुणा नाही, मजूर आहे," विश्वनाथराव हसत हसत वावरात शिरले. "पालक माझ्या हाताने खुडणार. नातीचं उष्टावण आहे न!"

प्रेमिलाचा हात थांबला. "कोनाचं उष्टावण?"

"नूपुरचं. आमच्या केयूरची मुलगी." असं म्हणत ते वाकले आणि पालकाच्या हिरव्यागार वाफ्याला त्यांनी हात घातला.

"भाऊजी, थांबा!" प्रेमिला झाडू टाकून धावत आली. "हात नोका लावू त्या पालकाले!"

विश्वनाथराव वाकलेलेच राहिले. "काहून? फवारणी केली का आज?"

"फवारनी नाही केली."

"मग?"

प्रेमिलाने नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रभान पोत्याच्या तोंडाला गाठ मारत होता. ती मारून झाली तरी तो मारतच राहिला.

"लेकराले नोका देऊ हा," ती म्हणाली. "तिकडं इहिरीजवळ वाफा हाये न, तितला देतो मी तुमाले. तो चांगला हाये."

विश्वनाथरावांनी वळून पाहिलं. विहिरीला लागून काट्याचं कुंपण घातलेला छोटासा वाफा होता. इतक्या वेळा ते इथे आले होते, पण त्या कुंपणाचा अर्थ त्यांनी कधी विचारला नव्हता.

"तो वेगळा आहे का?"

"तो आमच्या घरी खायाचा हाये."

"आणि हा?"

प्रेमिला टाकलेला झाडू उचलायला वळली.

"चंद्रभान, मी विचारून राहिलो. हा पालक कशाचा?"

"हा इकायचा हाये, साहेब," चंद्रभान हळूच म्हणाला.

विश्वनाथरावांच्या पायाखालची जमीन सरकली. जी भाजी पिकवणारा स्वतः खात नाही, ती भाजी दोन वर्षं त्यांचं घर खात होतं! त्यांची बायको, त्यांची अंगावर पाजणारी सून! त्यांनी आवाज चढवला. "लाज नाही वाटत? मी तुला भाऊ समजलो! माझ्या सोसायटीने डोळे मिटून तुझी भाजी घेतली, आणि तू आम्हाला असं काही विकतो जे तुझ्या ताटात चालत नाही? विश्वासघात आहे हा, विश्वासघात!"

चंद्रभान मान खाली घालून ऐकत राहिला. चार शिव्या खाऊन प्रकरण मिटलं असतं तर त्याला चाललं असतं. प्रेमिलाला मात्र ते चाललं नाही.

"आता मी बोलतोच," ती म्हणाली. "तुमी चूप राहा वो." तिने बांधावरची कुदळ उचलली आणि पालकाच्या दोन ओळींच्या मधे घातली. खण्ण आवाज झाला. तिने ढेकूळ उलटवलं, मग दुसरं, मग तिसरं. मातीतून ट्यूबलाइटच्या पांढऱ्या काचा निघाल्या. गोळ्यांची चंदेरी पाकिटं निघाली, काही अर्धी भरलेली. रंगाच्या डब्याचं झाकण, रंग तसाच चिकटलेला. बाळाचा लंगोट. फिनाईलची बाटली. आणि मग एक काळपट गोळा निघाला, तो तिने हाताने उचलला नाही, कुदळीच्या टोकाने विश्वनाथरावांच्या पायाशी सरकवला.

तो सेलचा जुडगा होता. कवचं फुटून त्यातून पांढरं-काळं काहीतरी मातीत उतरलेलं होतं. रबरबँड मात्र अजून शाबूत होता.

"हे कोनं पाठवलं, भाऊजी?"

तसा रबरबँड बांधणारा माणूस त्या सोसायटीत एकच होता, आणि तो या क्षणी पालकाच्या वाफ्यात उभा होता.

"साहेब, म्या एकडाव तुमाले फोन केल्ता," चंद्रभान आता बोलू लागला. "काच निंगून राहिली म्हनून सांगतलं. तुमी म्हनले, चाळून घे. मंग म्या चाळलं. पन किती चाळन मानूस? टेम्पो भरून येते. आन् ते सेल पाहून मले वाटलं, शिकलेला मानूस हाये, काही इचार करूनच पाठवत असन."

"मग नको म्हणायचं न!"

"दोस्तानं प्रेमानं देल्ली चीज. कोन्या तोंडानं परत करू?"

"आमाले काही समजत नाही, भाऊजी," प्रेमिला म्हणाली. "पन वखर मारला का मांगं बगळे यायचे किडे खायाले, ते येनं बंद झाले. मातीत गांडूळ दिसत नाही. मेथीची पानं काठाकाठानं जळून राहिली. माह्या पायाले काच लागली, ते जखम दोन महिने भरली नाही. मंग मन नाही धजलं. इहिरीजवळ तुमचं खत पडलं नव्हतं, तितं कुंपन घातलं आन् घरचं तितलंच खातो. इकाचं बंद करा म्हनलं मी यायले. पन बंद करून खायाचं काय? आमची बी चुकी झाली. पन लेकराच्या तोंडात जाताना मले पाह्यवलं नाही."

कुंपणातल्या वाफ्यातला पालक प्रेमिलाने खुडून विश्वनाथरावांच्या पिशवीत घातला, तो त्यांनी तसाच परत ठेवला. ती भाजी मागण्याचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं.

रिकाम्या हाताने घरी परतल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. भैरवी नूपुरला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, मी तर बाळंतपणापासून रोज पालकाचं सूप पिऊन राहिली आहे!"

ताराबाई हातातलं भांडं ठेवून तिच्याजवळ जाऊन बसल्या. ते सूप त्याच करून देत होत्या. बाळंतिणीला बरं, म्हणून.

डॉक्टरांनी मायलेकींचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत भैरवी सासऱ्यांना एका शब्दाने दोष देत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. अखेर रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं. पण ती भाजी आता घरात नको." भैरवी मुलीला छातीशी धरून रडली. विश्वनाथराव बाल्कनीत जाऊन उभे राहिले. कितीतरी घरांत तो पालक गेला होता, आणि सगळ्यांनी काही रक्त तपासलेलं नव्हतं. तो विचार आला आणि त्यांनी तिथूनच ग्रुपवर सगळं लिहिलं, 'ती भाजी कोणी खाऊ नका, रक्त तपासून घ्या.'

ताराबाईंनी तेवढ्यात एक शहाणपणाचं काम केलं. त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. सुमतीताई कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. विश्वनाथराव त्यांच्यासमोर लग्न झाल्यापासून जपूनच बोलत असत. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून हातात धरला.

"जस्त? विश्वनाथराव, तुम्ही सेल टाकून जस्त दिलंत?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! मिठाची चिमूट वरणात बरी लागते म्हणून कोणी मूठभर घालतं का? आणि सेलमधून जस्त एकटं येत नाही हो. शिसं येतं, कॅडमियम येतं, पारासुद्धा येऊ शकतो. ट्यूबलाइटमध्ये पारा, जुन्या रंगात शिसं. हे कुजत नाही, सडत नाही, उन्हात उडून जात नाही. पालकासारखी पालेभाजी ते मातीतून ओढून पानात साठवते. तुम्ही दाराबाहेर काढलेला कचरा ताटात घेऊन बसलात, एवढं साधं आहे हे."

ताई स्वतः खाप्याला गेल्या. वावराच्या वेगवेगळ्या भागांतून माती घेतली, तपासायला दिली. वरच्या अंगाला दोष मध्यम निघाला. नाल्याकडच्या खालच्या अंगाला, जिथे टेम्पो उभा करून पिशव्या रिकाम्या केल्या जात, तिथली माती पाहून प्रयोगशाळेतल्या बाईने विचारलं, "मॅडम, ही माती नक्की शेतातलीच आहे ना?"

चंद्रभानला हे कळलं तेव्हा तो बांधावर उभा होता. "म्हंजे आमचं वावर मेलं का, ताई?"

हाच खरा प्रश्न होता. त्याच्याजवळ दुसरी जमीन नव्हती, दुसरं कामही येत नव्हतं. हे वावर गेलं तर त्याचं आणि प्रेमिलाचं काहीच उरत नव्हतं.

"मेलेलं नाही, आजारी आहे," सुमतीताई म्हणाल्या. "आणि त्याचं औषध महाग नाही, पण कष्टाचं आहे. आधी वेचणी. काच, सेल, पत्रा, जे दिसेल ते हाताने काढायचं, माती चाळायची. ते नाल्यात नाही फेकायचं, धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचं. मग पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली खोडं. दरवर्षी तुमच्या गावात त्या बांधावर पेटवून देतात. आता खड्ड्यात कमी हवेवर जाळायच्या, म्हणजे राख न होता कोळसा होईल. तो कुटून शेणकाल्यात भिजवायचा आणि शेणखतासोबत मातीत मिसळायचा. तो विषाला धरून ठेवतो, पिकाच्या मुळाशी सहज जाऊ देत नाही. वरच्या अंगाला ताग आणि धैंचा पेरायचा, फुलावर आला की मातीत गाडायचा, तेच हिरवं खत."

"आन् खालच्या अंगाले?"

"तिथे मोहरी आणि सूर्यफूल. ती झाडं मातीतलं थोडं थोडं विष ओढून घेतात. पण ती मुळासकट उपटून बाहेर काढायची. गुरांना घालायची नाहीत, जाळायची नाहीत, बी विकायचं नाही, तीसुद्धा त्याच केंद्रात द्यायची. अन् माती तपासून मी हो म्हणेपर्यंत या वावरातली एक काडी कोणाच्या पोटात जाणार नाही. तोवर वरच्या अंगाला, ताग गाडून झाला की, झेंडू लावा. फुलं कोणी खात नाही."

"किती महिन्यांत होईल, ताई?" विश्वनाथरावांनी विचारलं.

"महिने?" ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या पुढच्या वाफ्याकडे गेल्या.

इकडे सोसायटीत टेम्पो बंद झाल्याने हाहाकार उडाला होता. पिशव्या पुन्हा गेटपाशी साचल्या. सभा बोलावली गेली. खजिनदार मधुसूदन उठले आणि हसत म्हणाले, "काळजी नको. कुहीकडे रुपराव म्हणून एक शेतकरी आहे, तो घ्यायला तयार आहे. काही विचारत नाही, बिचारा साधा माणूस आहे. करायचं का मंजूर?"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हात वर होऊ लागले. आणि विश्वनाथराव उभे राहिले.

त्यांनी येताना गेटपाशी पडलेली एक पिशवी उचलून आणली होती. काही न बोलता त्यांनी टेबलावर पेपर पसरला आणि ती पिशवी सगळ्यांसमोर ओतली. वास सुटला. बायकांनी पदर नाकाला लावले.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही!"

"आपणच भरलेली आहे, घाण काय त्यात?" विश्वनाथराव म्हणाले. भाताच्या शितांत माखलेल्या गोळ्या, फुटलेला बल्ब, नेलपॉलिशची बाटली, उंदरांच्या औषधाचं पाकीट. "हे रुपरावच्या वावरात जाणार. त्याच्या वावरातून आपल्या पोटात येणार. मी दोन वर्षं हेच केलं आणि त्याबद्दल तुम्ही मला शाल दिली. ती शाल मी आज परत आणली आहे."

मधुसूदन फणकारले. "आणि तुमचा तो चंद्रभान? त्याने माहीत असून आपल्याला विकलं! त्याच्यावर तक्रार करायची सोडून आम्हालाच शिकवता?"

"करा तक्रार," विश्वनाथराव म्हणाले. "त्याची चूक मी लपवत नाही. पण आधी माझ्यावर करा. जे मी स्वतःच्या घरात एक रात्र ठेवलं नसतं ते मी त्याच्या वावरात टाकलं. त्याने जे स्वतः खाल्लं नसतं ते मला विकलं. दोघांनीही डोळे मिटले, फक्त पहिल्यांदा मी मिटले. त्याच्या बायकोने ऐन वेळी डोळे उघडले म्हणून माझी नात वाचली. आता रुपरावच्या बायकोवर भरवसा ठेवून बसायचं का आपण?"

मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि टेबलाशी आल्या. "या गोळ्या माझ्या आहेत," त्या पडलेल्या आवाजात म्हणाल्या आणि पाकीट उचलून घेतलं. मग दुसरे एक गृहस्थ उठले आणि बल्बच्या काचा गोळा करू लागले. कुहीचा ठराव तिथेच बारगळला. लिफ्टपाशी ओल्याचा, सुक्याचा आणि धोक्याच्या कचऱ्याचा असे वेगळे डबे आले. गाडीवाला पुन्हा पिशव्या नेऊ लागला.

खाप्याला कामाला येण्याचं आवाहन विश्वनाथरावांनी ग्रुपवर टाकलं, तेव्हा अंगठे पुष्कळांनी दाखवले. टेम्पोत बसायला मोजकेच आले. मधुसूदन आले नाहीत. पण भैरवी आली, केयूर आला, आणि त्या गोळ्यांच्या पाकिटाच्या बाई आल्या. सगळ्यांनी हातमोजे घालून मातीत बसून काचा वेचल्या. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कमरा धरल्या. प्रेमिलाने चहा आणून दिला, आणि भैरवीसमोर ती जरा अवघडून उभी राहिली.

"ताई, रागावली असन तू आमच्यावर."

"रागावले होते," भैरवी म्हणाली. "पण तुम्ही धावल्या नसत्या तर?" प्रेमिलाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वेचणी संपायला कितीतरी रविवार गेले. मग शेणखताचे ढीग पडले, खड्ड्यात तुराट्यांचा कोळसा झाला. तागाला पिवळी फुलं आली आणि तो गाडताना चंद्रभानचा जीव हळहळला. "उभं पीक गाडा लागते, ताई," तो म्हणाला. "ते जमिनीचं जेवण आहे, तुमचं नाही," सुमतीताई म्हणाल्या. वरच्या अंगाच्या झेंडूवर घर चालू लागलं. बरं नाही, पण चाललं. मधला एक पाऊस दगा देऊन गेला. मोहरी उपटताना विश्वनाथरावांच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले.

वावर साफ करायला घेतल्यापासून तिसऱ्या हिवाळ्यात सुमतीताईंनी मातीचा आणि नमुना म्हणून लावलेल्या पालकाचा, असे दोन्ही रिपोर्ट आणले. बांधावर सगळे उभे होते. ताईंनी उगाच कोणाला ताटकळत ठेवलं नाही.

"वरच्या अंगाला पालक लावा. खायला चालेल."

चंद्रभानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता की हसत होता, हे कोणाला कळलं नाही. प्रेमिला मात्र लगबगीने चालू लागली. चाचणीच्या वाफ्यातला पालक तिने ओंजळभर खुडला, चुलीवर परतला, आणि विश्वनाथरावांनी हात पुढे केला तरी त्यांना दिला नाही.

"आधी मी," ती म्हणाली. भाकरीचा तुकडा मोडून तिने पालकासोबत तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. मग ताट पुढे केलं. "आता घ्या, भाऊजी. आता इकाले बी हेच आन् घरी बी हेच."

विश्वनाथरावांनी घास घेतला. मग त्यांनी नाल्याकडे बोट दाखवलं. तिथे मोहरी पिवळीधमक फुलली होती.

"आणि खालचं अंग, ताई?"

सुमतीताई म्हणाल्या, "ते अजून बरंच दूषित आहे. दरवर्षी थोडं कमी होईल. पण विश्वनाथराव, खोटं कशाला सांगू? तिथला पालक बहुतेक तुम्ही खाणार नाही. नूपुर मोठी होईल, तिची मुलं कदाचित खातील."

दोन हिवाळे! फक्त दोन हिवाळे विश्वनाथरावांनी पिशव्या पाठवल्या होत्या, त्याही चांगल्या मनाने. त्या दोन हिवाळ्यांची किंमत त्यांच्या नातीची मुलं फेडणार होती, जी अजून जन्मलीही नव्हती! त्यांना वाटलं होतं, आज सगळं संपेल. माफी मिळेल, हार पडतील, आपण घरी जाऊ. जमिनीला कोणाची माफी समजत नव्हती. तिला फक्त हात हवे होते.

मंडळी, आपण कचरा 'फेकतो' असं म्हणतो. पण फेकायला जागा कुठे आहे? जिथे फेकू तिथे कोणाचं तरी वावर असतं, कोणाची तरी विहीर असते, कोणाचं तरी लेकरू असतं. चांगल्या मनाने, पण न बघता दिलेली वस्तू विष ठरू शकते. म्हणून आज घरची पिशवी बांधण्याआधी ती एकदा स्वतः उघडून बघा. सेल, औषधं, काच, रंग वेगळे काढा, आणि जे उरेल तेच मातीला द्या. आणि कोणी मित्र भिडेपोटी आपलं काही मुकाट घेत असेल, तर एकदा त्याच्या दारी जाऊन विचारा, की बाबा, हे तुला चालतं ना?

विश्वनाथराव त्या दिवशी जेवून उठले, हातमोजे घातले आणि नाल्याच्या दिशेने चालू लागले.

"साहेब, आता कुठं चालले? ऊन हाये न!" चंद्रभानने हाक मारली.

"मोहरी उपटायला आली आहे," ते म्हणाले. "चल, दोघं मिळून उपटू."